वाचकांचे प्रश्न : जुनी लहान विमाने ‘लाइट स्पोर्ट’ वर्गात कधी बसतात?

अमेरिकेतील ‘लाइट स्पोर्ट’ विमानांच्या नियमांत २०२५ साली मोठा बदल झाला आणि तेव्हापासून या सदराकडे त्याविषयी पत्रे येत आहेत. ओझरचा विमान कारखाना घरापासून हाकेच्या अंतरावर असल्यामुळे नाशिककरांचे विमानांविषयीचे कुतूहल वरवरचे नसते, हे या पत्रांतूनही दिसते. त्यांपैकी पाच प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. पहिल्या प्रश्नाला अधिक जागा दिली आहे, कारण या विषयातील बहुतेक गैरसमज त्या एकाच प्रश्नात एकत्र आले आहेत.

प्रश्न : माझे मामा अमेरिकेत ओहायो राज्यात राहतात. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी त्यांनी १९४६ सालचे ‘एरकूप’ हे दोन आसनी विमान विकत घेण्याचे ठरवले आहे. त्यांनी वैमानिकाच्या वैद्यकीय प्रमाणपत्राचे नूतनीकरण बऱ्याच वर्षांत केलेले नाही, म्हणून त्यांना लाइट स्पोर्ट वर्गात बसणारेच विमान हवे आहे. विकणारा म्हणतो की हे ‘४१५-सी’ नमुन्याचे विमान असून नियमात बसते. मात्र जुन्या लॉगबुकात ते १९५० च्या दशकात ‘४१५-डी’ केल्याची आणि पुढे पुन्हा ‘सी’ केल्याची नोंद आहे. विमान आज सी आहे, तर मधल्या काळाची चिंता का करावी? (गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : चिंता करण्याचे कारण नियमाच्या एका शब्दसमूहात आहे. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, स्पोर्ट पायलटचा, म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्राऐवजी वाहन परवान्यावर लहान विमान उडवू देणाऱ्या वैमानिक परवान्याचा, नियम १ सप्टेंबर २००४ पासून लागू केला आणि त्याच्यासाठी लाइट स्पोर्ट विमानाची व्याख्या ठरवून दिली. जमिनीवरून उडणाऱ्या विमानाचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन १,३२० पौंड, म्हणजे सुमारे ६०० किलो. पाण्यावरून उडणाऱ्यासाठी १,४३० पौंड. इंजिन सतत चालवता येईल अशा कमाल शक्तीवर असताना सरळ उड्डाणातील वेग १२० नॉटपेक्षा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) अधिक नसावा आणि फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागील कडेचे खाली झुकणारे पट्टे, न वापरता स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमानाला उचलून धरू शकत नाहीत तो वेग, ४५ नॉटपेक्षा अधिक नसावा. आसने दोनच, पिस्टनचे एकच इंजिन, स्थिर (उड्डाणात आत ओढता न येणारी) चाके, दाबरहित केबिन, आणि पात्यांचा कोन हवेत असताना बदलता येणार नाही असा प्रोपेलर. एवढे सगळे वाचणारा मनुष्य समोरच्या विमानाचे वजन व वेग तपासून मोकळा होतो. पण या अटींच्या आधी लिहिलेले वाक्य असे सांगते की विमानाने आपल्या मूळ प्रमाणीकरणापासून आजपर्यंत या अटी सतत पूर्ण केलेल्या असल्या पाहिजेत.

‘सतत’ या शब्दावरच आपल्या मामांचा प्रश्न अडला असता. ४१५-सी एरकूपचे मान्य कमाल वजन १,२६० पौंड आहे, म्हणजे ते २००४ च्या मर्यादेत आरामात बसते. ४१५-डी चे मान्य वजन १,४०० पौंड आहे आणि ते मर्यादेबाहेर जाते. दोन्ही विमाने दिसायला जवळजवळ सारखीच आहेत. चाळीस-पन्नासच्या दशकांत अनेक मालकांनी थोडे अधिक सामान नेता यावे म्हणून सी विमानात ठरलेले किरकोळ बदल करून कागदोपत्री त्याचे डी करून घेतले. साठ वर्षांनी आपल्या या निर्णयाचा कोणाला काय उपद्रव होईल, याची त्यांना कल्पना असणे शक्यच नव्हते. २००४ नंतर मात्र असे विमान एकदा १,४०० पौंडांवर प्रमाणित झाले म्हणून ते कायमचे व्याख्येबाहेर गेले. पुढे त्याचे पुन्हा सी केले, विमानावरील नमुन्याची पट्टी बदलली, वजन कागदावर कमी केले, तरी ते आत येत नव्हते. नियम विमानाची आजची अवस्था विचारत नव्हता, तर त्याचा पूर्ण इतिहास विचारत होता.

हीच गोष्ट प्रोपेलरची. एखाद्या जुन्या विमानाला मधल्या काळात हवेत कोन बदलणारा प्रोपेलर बसवला असेल आणि आज साधा लाकडी प्रोपेलर असेल, तर आजचा प्रोपेलर पाहून निर्णय देता येत नव्हता. म्हणूनच या व्यवहारात विकणाऱ्याच्या शब्दावर किंवा विमानाजवळच्या लॉगबुकांवर न थांबता, ओक्लाहोमा सिटी येथील एफएएच्या नोंदणी कार्यालयाकडून त्या विमानाची संपूर्ण फाईल मागवावी, असे मी प्रत्येकाला सांगतो. मोठी दुरुस्ती किंवा बदल केल्यावर भरला जाणारा ३३७ क्रमांकाचा फॉर्म त्या फाईलमध्ये असतो. लॉगबुके हरवतात, भिजतात, कधी हेतुपुरस्सर नवी सुरू केली जातात. कार्यालयात पोहोचलेला फॉर्म मात्र तेथेच राहतो.

आता मामांसाठी चांगली बातमी. २२ जुलै २०२५ रोजी, अमेरिकेतील ऑशकॉश येथील वार्षिक विमान मेळ्यात, ‘मोझेक’ या नावाने ओळखला जाणारा अंतिम नियम जाहीर झाला आणि स्पोर्ट पायलटच्या अधिकारांविषयीचा त्याचा भाग २२ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. त्यात वजनाची मर्यादाच काढून टाकली आहे. विमानाचा फ्लॅपविना स्टॉलचा वेग ५९ नॉटपर्यंत असावा, आसने चारपर्यंत असावीत, केबिन दाबरहित असावी, असे आता निकष आहेत. एरकूप सी असो वा डी, त्याचा स्टॉलचा वेग या मर्यादेच्या बराच खाली आहे आणि आसने दोनच आहेत. म्हणजे १९५० च्या दशकातील ती नोंद नियम बदलण्यापूर्वी हा व्यवहार मोडण्यास पुरेशी होती आणि आज ती मामांच्या उड्डाणाच्या आड येत नाही.

तरीही दोन गोष्टी त्यांनी पाहाव्यात. एक, वैद्यकीय प्रमाणपत्राऐवजी अमेरिकी वाहन परवान्यावर उडण्याची मुभा स्पोर्ट पायलटला आहे, पण वैद्यकीय प्रमाणपत्रासाठी केलेला शेवटचा अर्ज नाकारला गेला असेल किंवा प्रमाणपत्र रद्द अथवा निलंबित झाले असेल, तर ती मुभा मिळत नाही. नूतनीकरण न करणे आणि नकार मिळणे यांत फार मोठा फरक आहे. त्यामुळे ज्याला आपल्या प्रकृतीविषयी शंका आहे त्याने ‘एकदा तपासून तर पाहू’ म्हणून औपचारिक अर्ज करण्याआधी जाणत्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे. दुसरी गोष्ट, डीचे पुन्हा सी करताना जे बदल करायला हवे होते ते प्रत्यक्षात झाले आहेत का, हे तज्ज्ञ मेकॅनिककडून तपासून घ्यावे. एरकूपची ख्याती अशी की ते गिरकीत, म्हणजे स्पिनमध्ये, जात नाही, आणि त्यामागे शेपटीवरील एलेव्हेटर किती वर उचलला जाऊ शकतो यावर घातलेली मर्यादा हे मोठे कारण आहे. वजन बदलते तशी ही मर्यादाही बदलते. कागद सी म्हणतो आणि एलेव्हेटर वेगळे काही म्हणतो, अशी स्थिती असेल तर तो पात्रतेचा नव्हे, सुरक्षिततेचा प्रश्न होतो आणि त्याला मी अधिक महत्त्व देतो.

प्रश्न : मी विमान कारखान्यातून निवृत्त झालेला तंत्रज्ञ आहे. आमच्या पिढीने फ्लाइंग क्लबांत ‘पुष्पक’ विमाने पाहिली. ते विमान या लाइट स्पोर्ट व्याख्येत बसले असते का? (ओझर)

उत्तर : आपला प्रश्न वाचून मनापासून आनंद झाला, कारण पुष्पकाचा उल्लेख आता फारसा कोणी करत नाही. हिंदुस्थान एअरक्राफ्टचे हे दोन आसनी, उंच पंखांचे, कापडाने मढवलेले विमान १९५८ साली प्रथम उडाले. त्या काळी तेथील संरचनेची धुरा डॉ. विष्णू माधव घाटगे या आपल्या मराठी अभियंत्याकडे होती. एचटी-२ हे प्रशिक्षण विमानही त्यांच्याच नेतृत्वाखाली झाले. पुष्पकाची जडणघडण अमेरिकेच्या ‘एरॉन्का चीफ’ या विमानाच्या वळणावर होती आणि त्याला ९० अश्वशक्तीचे कॉन्टिनेन्टल इंजिन होते.

आता मोजणी करू. एरॉन्का ११-एसी चीफचे मान्य कमाल वजन १,२५० पौंड, म्हणून अमेरिकेत ते २००४ पासूनच स्पोर्ट पायलटच्या हाती आले. पुष्पकाचे कमाल वजन १,३५० पौंड, म्हणजे सुमारे ६१२ किलो. बाकी प्रत्येक अटीत ते बसते. आसने दोन, चाके स्थिर, प्रोपेलर साधा, वेग १२० नॉटच्या पुष्कळ खाली, स्टॉलचा वेगही अगदी कमी. पण वजन तीस पौंडांनी, म्हणजे साधारण चौदा किलोंनी, अधिक. नाशिकच्या बाजारातील द्राक्षांच्या दोन-तीन पेट्यांएवढ्या फरकाने हे विमान २००४ च्या व्याख्येबाहेर राहिले असते. नव्या, स्टॉलच्या वेगावर आधारलेल्या निकषाने मोजले तर ते निर्विवाद आत येते.

ही तुलना अर्थात समजुतीपुरती आहे. पुष्पक भारतीय नोंदणीचे विमान, त्याला अमेरिकेची व्याख्या लागू होण्याचा प्रश्न येत नाही. पण केवळ वजनाच्या रेषेने विमानांची विभागणी केली की काय घडते, हे समजण्यासाठी मला तरी याहून चांगले उदाहरण सापडले नसते.

प्रश्न : वजनाऐवजी स्टॉलचा वेग हा निकष का घेतला? वजन तराजूवर मोजता येते, तर स्टॉलचा वेग परिस्थितीनुसार बदलतो. मग तो निकष अधिक ढिला नाही का? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, नाशिक रोड)

उत्तर : आधी स्टॉल म्हणजे काय ते इतर वाचकांसाठी सांगतो. विमान सावकाश उडू लागले की उंची टिकवण्यासाठी नाक वर करावे लागते. एका मर्यादेनंतर पंखावरून वाहणारी हवा पंखाला चिकटून राहत नाही, उचल एकदम घटते आणि विमान खाली येऊ लागते. हा स्टॉल. तो ज्या वेगाला होतो त्या वेगाच्या थोडे वरच वैमानिक विमान उतरवतो. त्यामुळे स्टॉलचा वेग कमी असेल तर विमान जमिनीला हळू टेकते, आणि इंजिन बंद पडून शेतात उतरण्याची वेळ आली तर हळू धडकते.

धडकेतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे आपण शिकलाच असाल. तेवढ्याच वजनाचे विमान ५९ नॉटऐवजी ४५ नॉटने जमिनीला लागले तर ऊर्जा जवळपास पावणेदोन पटींनी कमी असते. वजनाचा परिणाम मात्र सरळ प्रमाणात असतो, आणि विमानातील माणसाच्या दृष्टीने अधिक वजन म्हणजे पुष्कळदा अधिक मजबूत सांगाडा, अधिक भक्कम आसने, अधिक इंधन. वजनाची कडक मर्यादा घातली की विमान बनवणारा पत्रा पातळ करतो आणि वैमानिक इंधन कमी भरतो. या दोन्ही गोष्टी सुरक्षिततेच्या विरुद्ध जातात. वजनाची अट मोजायला सोपी होती, हे आपले म्हणणे खरे आहे. पण जे मोजायला सोपे ते मोजण्यास योग्यच असते असे नाही, आणि नियम करणाऱ्यांना हे उमगायला एकवीस वर्षे लागली, याची मला खंत वाटते.

या काळात एक विचित्र चित्र उभे राहिले होते. १९३० च्या दशकातील पायपर जे-३ कब, ज्याचे कमाल वजन १,२२० पौंड, ते नवशिक्या स्पोर्ट पायलटला चालत होते. ते शेपटीखाली चाक असलेले विमान आहे. धावपट्टीवर बाजूचा वारा असेल तर ते सरळ ठेवायला कसब लागते आणि म्हणूनच त्यासाठी प्रशिक्षकाची वेगळी लेखी नोंद घ्यावी लागते. याउलट नाकाखाली चाक असलेले, अनेक पिढ्या ज्यावर उड्डाण शिकल्या ते सेस्ना १५०, कमाल वजन १,६०० पौंड असल्यामुळे त्याच माणसाला निषिद्ध होते. लुस्कम ८-ए १,२६० पौंडांचे म्हणून आत आणि त्याच घराण्यातील ८-ई व ८-एफ १,४०० पौंडांची म्हणून बाहेर. सेस्ना १२० व १४० ही १,४५० पौंडांची, तीही बाहेर. आता सेस्ना १५०, १५२, एवढेच नव्हे तर चार आसनी सेस्ना १७२ आणि पायपर चेरोकी १४० देखील स्पोर्ट पायलटला उडवता येतात. मात्र आसने चार असली तरी त्याला एकच प्रवासी नेता येतो.

निकष ढिला आहे का, या आपल्या शंकेला उत्तर असे की स्टॉलचा वेग मनाला येईल तसा धरला जात नाही. कमाल प्रमाणित वजन आणि गुरुत्वमध्याची सर्वांत प्रतिकूल स्थिती धरून, फ्लॅप न वापरता, तो ठरवायचा असतो आणि तो कॅलिब्रेटेड, म्हणजे मोजणीतील चूक दुरुस्त केलेला, वेग असतो. कॉकपिटमधील वेगदर्शक दाखवतो तो आकडा येथे चालत नाही, कारण नाक वर असताना हवेचा दाब घेणारी नळी तिरकी होते आणि आकडा पुष्कळदा कमी दिसतो. जुन्या विमानांच्या पुस्तिकांत वेग नॉटमध्ये नसून ताशी मैलांत दिलेला असतो, हेही ध्यानात ठेवावे. ५९ नॉट म्हणजे ताशी ६८ मैल. पुस्तिकेत ६४ हा आकडा पाहून ‘आपले विमान बसत नाही’ म्हणून निराश झालेल्या माणसाने आधी एकक पाहावे.

आणखी एक गल्लत टाळावी. वर सांगितलेले ५९ नॉट हे स्पोर्ट पायलटने काय उडवावे याविषयीचे आहेत. लाइट स्पोर्ट वर्गात नवे विमान प्रमाणित करण्याचे नियम वेगळे असून त्यांच्या अंमलासाठी २४ जुलै २०२६ ही तारीख ठरवली आहे. तेथे ६१ नॉट ही मर्यादा फ्लॅप पूर्ण उघडून, उतरण्याच्या स्थितीत मोजलेल्या स्टॉलच्या वेगाची आहे. दोन्ही आकडे शेजारी ठेवून ‘दोन नॉटची सवलत’ असा अर्थ काढणे चूक ठरेल, कारण दोन्हींत मोजलेली अवस्थाच वेगळी आहे.

प्रश्न : लाइट स्पोर्टमध्ये बसणारे जुने विमान घेतले की मालकाला त्याची दुरुस्ती व वार्षिक तपासणी स्वतः करता येते, असे ऐकले आहे. तसेच विमान किती जुने चालते, याला काही मर्यादा आहे का? (इंदिरानगर)

उत्तर : वयाची मर्यादा व्याख्येत नाही. दुरुस्तीविषयी ऐकलेले मात्र चूक आहे आणि ते महागात पडू शकते.

लाइट स्पोर्ट या नावाखाली दोन वेगळी कुटुंबे आहेत. एक, जी विमाने मुळात याच वर्गात विशेष उड्डाणक्षमता प्रमाणपत्र घेऊन जन्माला आली. दुसरे, कब, चॅम्प, टेलरक्राफ्ट, एरकूप यांच्यासारखी जुनी विमाने, ज्यांच्याकडे आजही पूर्वीचेच सामान्य उड्डाणक्षमता प्रमाणपत्र आहे. स्पोर्ट पायलटला ती उडवता येतात, एवढ्यापुरताच त्यांचा या वर्गाशी संबंध. त्यांचे प्रमाणपत्र बदलत नाही. त्यामुळे त्यांची कामे नेहमीचा परवानाधारक मेकॅनिकच करणार, वार्षिक तपासणी तपासणीचा वेगळा अधिकार असलेल्याकडूनच होणार आणि त्यांच्यासाठी निघालेले उड्डाणक्षमता आदेश, म्हणजे दोष आढळल्यावर एफएए काढते ते सक्तीचे आदेश, पाळावेच लागणार. तेल बदलणे, टायर बदलणे अशी नियमात नमूद केलेली किरकोळ कामे मालक-वैमानिकाला करता येतात, पण ती सवलत या वर्गामुळे मिळालेली नाही. जुने प्रमाणित विमान प्रायोगिक लाइट स्पोर्टमध्ये ढकलण्याची युक्ती काहीजण सुचवतात. त्या नावाने २००८ च्या ३१ जानेवारीपर्यंत जी खिडकी उघडी होती ती नोंदणी नसलेल्या, अल्ट्रालाइट या अतिहलक्या वर्गाच्या मर्यादेपेक्षा जड झालेल्या विमानांना नोंदणीत आणण्यासाठी होती, जुन्या प्रमाणित विमानांसाठी नव्हे.

वयाविषयी एवढेच सांगतो की नियम वय विचारत नसला तरी धातू, लाकूड आणि कापड विचारतात. पायपरच्या उंच पंखांना खालून आधार देणाऱ्या तिरप्या दांड्या आतून गंजतात आणि बाहेरून चकचकीत दिसतात. त्यांच्या तपासणीचा आदेश १९९३ साली निघाला तो उगाच नाही. चॅम्पच्या पंखातील लाकडी कण्याला पडलेली भेग कापडाखाली दडून राहते. असे विमान घेताना पात्रतेची चौकशी जितक्या बारकाईने करावी, त्याहून अधिक बारकाईने ही पाहणी करावी.

भाराचे गणितही आधीच करावे. जे-३ कबचे रिकामे वजन ७६५ पौंड धरले तर १,२२० मधून ४५५ पौंड उरतात. टाकीतील १२ गॅलन इंधनाचे ७२ पौंड वजा केल्यावर माणसे व सामान यांसाठी ३८३ पौंड, म्हणजे सुमारे १७४ किलो राहतात. ऐंशी-ऐंशी किलोंची दोन माणसे बसली की एका लहान पिशवीपुरतीच जागा उरते. शिवाय सत्तर-ऐंशी वर्षांत रंगाचे थर, नवे रेडिओ, बॅटरी यांनी रिकामे वजन वाढलेले असते, म्हणून माहितीपत्रकातील आकडा न घेता त्या विशिष्ट विमानाचे अलीकडचे तोलपत्रक मागावे.

प्रश्न : अमेरिकेत स्पोर्ट पायलटचा परवाना काढून मी नाशिकमध्ये एखादे जुने लहान विमान उडवू शकेन का? (देवळाली कॅम्प)

उत्तर : त्या परवान्याच्या बळावर नाही. एफएएच्या नियमातच असे लिहिले आहे की स्पोर्ट पायलटने, ज्या देशात उडायचे त्या देशाची पूर्वपरवानगी असल्याशिवाय, अमेरिकेबाहेर उडू नये. भारतात नोंदलेले, व्हीटी या अक्षरांचे विमान उडवण्यासाठी आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना व त्याची वैद्यकीय अट लागू होते. भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या कायद्याच्या जागी आला आहे. तेव्हा जुनी पुस्तके वाचून तयारी करत असाल तर कायद्याचे नाव तरी नवे घ्यावे.

नाशिकचे आकाश हाही वेगळा विचार आहे. ओझरला लढाऊ विमाने बनतात व त्यांची चाचणी होते, गांधीनगरच्या धावपट्टीवर लष्कराचे हेलिकॉप्टर वैमानिक शिकतात आणि आपल्या देवळालीच्या परिसरात तोफखान्याचा सराव चालतो. उड्डाणाची आवड खरी असेल तर नागरी प्रशिक्षणासाठी आपल्याला धुळ्याकडे पाहणे अधिक सोयीचे पडेल. तेथे बॉम्बे फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षण चालते. पहिल्या भेटीतच त्यांना विचारावे की शिकवण्याच्या विमानाचे कमाल वजन किती आणि फ्लॅपविना स्टॉलचा वेग किती. आता हे दोन आकडे ऐकून आपल्याला त्या विमानाविषयी बरेच काही कळेल.